डब्बीतली दवंडी

आमच्या लहानपणी गावात सरकार यायचे ते डफड्याच्या आवाजाने. सौंसर तहसिलीतले, कन्हानच्या अंगाला असलेले आमचे छोटेसे खेडे. वर्तमानपत्र नागपूरहून यायचे, तेही एखाद्याच घरी आणि दुपार टळल्यावर. रेडिओ दोन-तीन घरांत. त्यामुळे पटवारी कधी येणार, लस कधी टोचणार, कोणाचा बैल कांजीहौसात पडला आहे, हे सगळे सांगण्याचे काम एकट्या कोटवाराचे. पलीकडे महाराष्ट्रात ह्याच माणसाला कोतवाल म्हणतात. दोन अक्षरांच्या फरकाने आमचे राज्य ओळखू येते! नागपूरचे मामा सुट्टीत आले की ‘कोटवार’ शब्दाला हसायचे, आणि आम्ही त्यांच्या ‘कोतवाला’ला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आमची सौंसर तहसील मध्यप्रदेशात राहिली. पण बोली काही कोणाला विचारून बदलत नाही. घरात मराठी आणि कागदावर हिंदी असा आमचा संसार तेव्हापासून सुरू आहे.

कोटवार काकाजींची दवंडी देण्याची एक रीत होती. तेव्हा ती नुसती गंमत वाटायची. आता मागे वळून पाहिले की त्या रीतीमागचे शहाणपण दिसते. आधी चौकात उभे राहून ते नुसतेच डफडे वाजवीत. बोलत काही नसत. चुलीजवळची बाई उंबऱ्यावर येईपर्यंत, गोठ्यातला माणूस हात पुसत बाहेर येईपर्यंत ते थांबत. मग ‘आयका हो आयका’ म्हणून सुरुवात. तहसिलीतून आलेला कागद हिंदीत असे. ते आधी त्यातले हिंदी शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवीत, कारण ते सरकारचे शब्द. आणि लगेच मराठीत सांगत, “म्हन्जे कसं, का उद्या पटवारी येनार हाये, आपापली ऋणपुस्तिका घेऊन पाराजवळ या.” मग पुन्हा थांबत. कोणीतरी विचारायचेच, “सकाळी का दुपारी?” त्याचे उत्तर देत आणि मगच पुढच्या चौकाकडे वळत. आमच्या बोळात एक म्हातारी आजी राहायची, तिला ऐकू येत नसे. काकाजी तिच्या दारात जाऊन, डफडे काखेत धरून, हातवारे करून तिला समजावीत. तिने मान हलवली की त्यांची दवंडी संपली.

हे सगळे मला पुन्हा आठवले ते २००३ साली, आणि तेही संगणकासमोर बसलो असताना.

मी तेव्हा सौंसरच्या एका कार्यालयात संगणकाचे काम पाहत होतो. ‘पाहत होतो’ म्हणण्याचे कारण असे की माझे मूळ पद वेगळेच होते. पण नागपूरला जाऊन सहा महिन्यांचा एक कोर्स केलेला, म्हणून यंत्रे आली तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली. एक सर्व्हर आणि आठ यंत्रे. सगळी एका हबला तारांनी जोडलेली. ज्याला लोकल नेटवर्क म्हणतात ते हेच. इंटरनेट असो वा नसो, ह्या नऊ यंत्रांचे आपसातले बोलणे चालू असे. बाहेरची दुनिया फक्त एका यंत्राला दिसे, कारण टेलिफोनचा मोडेम त्या एकालाच होता.

त्या काळच्या विंडोजमध्ये एक साधी सोय अंगभूतच होती. वेगळे काही विकत घ्यायला नको, बसवायला नको. काळी खिडकी उघडायची, ‘नेट सेंड’ असे टंकायचे, पुढे ज्या यंत्राला निरोप द्यायचा त्याचे नाव आणि मग निरोप. एंटर दाबले की त्या यंत्राच्या पडद्यावर मध्यभागी एक करड्या रंगाची चौकट उगवे. वर ‘मेसेंजर सर्व्हिस’, खाली कोणाकडून कोणाला, किती वाजता, मग निरोप, आणि तळाशी एकच बटण : ओके. नावाच्या जागी नुसती चांदणी टाकली की निरोप सगळ्यांना एकदम जाई. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपी ह्या तिन्हींत ही सोय होती, आणि ९५-९८ वाल्या यंत्रांसाठी ‘विनपॉपअप’ नावाचा छोटा प्रोग्राम असे. आमच्या कार्यालयात तिला कोणी मेसेंजर म्हणत नसे. सगळे म्हणत, “डब्बी आली.”

डब्बीची सुरुवातीला फार मौज वाटली. चहा आला की मी चांदणी टाकून सगळ्यांना कळवी. साहेब दौऱ्यावरून परतले की पहिल्या टेबलावरचा बाबू हळूच कळवी. पण तिचा खरा उपयोग होता विजेसाठी. २००३ सालच्या मध्यप्रदेशातली वीजकपात ज्यांनी भोगली आहे त्यांना जास्त सांगायला नको. त्या वर्षअखेरच्या निवडणुकीत वीज, रस्ते आणि पाणी ह्यांवर सरकार बदलले, इतका तो विषय घरोघरचा होता. आमच्याकडे एक मोठा यूपीएस होता. वीज गेली की तो सगळ्यांना मिळून पंधराएक मिनिटे तगवी. तेवढ्या वेळात सगळ्यांनी आपले काम जतन करायचे आणि मी सर्व्हर नीट बंद करायचा, अशी शिस्त होती. सुरुवातीला एक फजिती झाली. आम्ही यंत्रे यूपीएसवर घेतली, हब मात्र भिंतीच्या साध्या प्लगवरच राहिला. वीज गेली, मी घाईघाईने निरोप पाठवला, आणि तो जाणार कुठून? रस्ताच मेलेला! त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो : धोक्याची सूचना ज्या वाटेने जाते, ती वाट त्याच धोक्यात बंद पडता कामा नये. हब यूपीएसवर आला.

निरोप कोणत्या भाषेत लिहायचा, हा प्रश्न मात्र मला तेव्हा प्रश्नच वाटला नाही. काळ्या खिडकीत देवनागरी उमटत नसे. आमचे हिंदी टायपिंग सगळे कृतिदेवमध्ये, जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरच्या वळणाचे. ते वर्डमध्ये ठीक, पण डब्बीत नाही. तेव्हा लिपी रोमन. आणि भाषा? कार्यालयाची भाषा हिंदी, म्हणून निरोपही हिंदीत : ‘दस मिनट में सर्व्हर बंद होगा, डाटा सेव्ह करें.’ वास्तविक खोलीतली नऊच्या नऊ माणसे घरी मराठी बोलणारी. एकमेकांना हाक मारायची ती “काहो भाऊ” अशीच. पण यंत्रावर बोट ठेवले की आमच्या तोंडात आपोआप सरकार शिरायचे. मी कोटवार काकाजींच्या दवंडीचा पहिला अर्धा भाग, सरकारचे शब्द, तेवढा उचलला होता. “म्हन्जे कसं” हा दुसरा अर्धा भाग मी विसरून गेलो होतो.

आमच्यात एक ताई होत्या. पांढुर्ण्याहून रोज बसने येत. नवरा नव्हता, घरी सासू आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा. हात अतिशय स्वच्छ. त्यांनी भरलेल्या यादीत चूक सापडली असे मला आठवत नाही. मोडेमचे यंत्र त्यांच्याचकडे होते, कारण जिल्ह्याला रोजची माहिती ईमेलने पाठवायचे काम त्यांचे. आणि त्यांच्याच यंत्रावर त्या वर्षी एक नवा उपद्रव सुरू झाला. टेलिफोनची लाइन जोडली की थोड्याच वेळात डब्बी यायची. पण ती माझी नसे. इंग्रजीत मोठमोठ्या अक्षरांत जाहिरात असे : परीक्षा न देता विद्यापीठाची पदवी मिळवा, अमुक क्रमांकावर फोन करा. पुन्हा जोडणी, पुन्हा डब्बी. ह्याचे कारण नंतर मला कळले. मेसेंजर ही सोय घरातल्या घरात निरोप देण्यासाठी केलेली. पण यंत्र इंटरनेटला जोडले की तिचे दार बाहेरच्यांनाही उघडे असे. १३५ क्रमांकाच्या दारातून जगातला कोणीही, आपले नावगाव न सांगता, आपल्या पडद्यावर डब्बी उभी करू शके. २००२च्या शेवटापासून जाहिरातवाल्यांना हे दार सापडले होते. जगभर लोक वैतागले होते.

ताई पहिल्यांदा घाबरल्या. “भाऊ, हे कायची डब्बी आली जी? काही बिघडलं तर नाई ना माझ्याच्यानं?” मी जाऊन पाहिले आणि हसलो. म्हणालो, “ताई, हे फालतू आहे. वाचू नका. डब्बी आली का सरळ ओके दाबत जा.” त्यांनी मान हलवली. माझ्या अंगावर दुसरी कामे होती. ते दार बंद कसे करायचे हे शोधणे तासा-दोन तासांचे काम होते. पुढच्या आठवड्यात पाहू, असे मी म्हणत राहिलो. मग ऑगस्टात ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला. तो यंत्रात शिरला की साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून यंत्र बंद पाडी. त्याच्या धावपळीत तर ताईंच्या जाहिराती मी साफ विसरलो.

त्याच महिन्याच्या अखेरीला पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते आणि आमच्या पांढुर्ण्यात गोटमार होते. बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. झेंडा काढून चंडीमातेच्या देवळात नेईपर्यंत ते चालते. दोन गावांतल्या एका प्रेमी जोडप्याची कथा ह्यामागे सांगतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, काही वर्षी माणसे दगावलीही आहेत. प्रशासन दरवर्षी भोंग्यावरून बजावते, जमावबंदी लावते. कलम १४४ म्हणत तेच, २०२४ पासून नव्या कायद्यात १६३. काठावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका आधीपासून उभ्या असतात. आणि दगड चालूच असतात. भोंगा सगळ्यांना ऐकू येतो, त्यातला शब्दन् शब्द कळतो, आणि तरी कोणी थांबत नाही. आमच्यासाठी गोटमार म्हणजे अभिमान आणि काळजी दोन्ही. ताईंना मात्र फक्त काळजी होती. “त्या दिवशी मी दारातच बसून राहतो जी,” त्या सांगत. “पोराले उंबऱ्याच्या बाहेर पाय ठेवू देत नाई.”

पोळ्याच्या दिवशी त्या कामावर आल्या, कारण शेतकऱ्यांच्या अर्जांची एक लांबलचक यादी दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याला, म्हणजे छिंदवाड्याला, जायची होती. दुपारी चारच्या बसने निघायचे, पोळा फुटायच्या वेळेला घरी पोचायचे, बैलांना पुरणपोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी रजा घेऊन दारात बसायचे, असा त्यांचा बेत होता. यादी भरायचा आमचा प्रोग्राम जुन्या पद्धतीचा होता. नोंदी भरत जायचे आणि शेवटी ‘जमा करा’ म्हणायचे; त्याआधी सर्व्हर गेला तर सगळे पाण्यात. ताई तीनपर्यंत बहुतेक यादी संपवत आल्या होत्या. मध्येच त्यांनी ईमेल पाहायला लाइन जोडली. पदव्यांची एक डब्बी आली, ओके. दुसरी आली, ओके. आणि तेवढ्यात वीज गेली.

मी सर्व्हरच्या खोलीत होतो. नेहमीप्रमाणे चांदणी टाकून निरोप सोडला. खाली ओळ आली, संदेश यशस्वीरीत्या पाठवला गेला. ती ओळ नेहमीच येई. चांदणीवाला निरोप कोणापर्यंत पोचला, कोणापर्यंत नाही, ह्याची पोच तो मागतच नाही. मी दहा मिनिटे वाट पाहिली. घड्याळात पाहिले. उठून शेजारच्या खोलीत डोकावायला पंचवीस पावले लागली असती. मी डोकावलो नाही. यशस्वीरीत्या असे यंत्रच सांगत होते, मग उठायचे कशाला? सर्व्हर बंद केला.

मग शेजारून ताईंचा आवाज आला. ओरडणे नव्हते. नुसते, “अगं बाई!”

मी धावत गेलो. त्यांचा प्रोग्राम गोठला होता. “ताई, डब्बी आली नाही का?” “आली ना जी. तीन आल्या.” “मग?” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “तुम्हीच सांगितलं होतं ना भाऊ, वाचू नका, सरळ ओके दाबा म्हणून.” त्यांच्या स्वरात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागले. मी सांगितले ते त्यांनी तंतोतंत पाळले होते.

वीज साडेपाचला आली. चारची बस गेलेली. यादी तर सकाळी जायलाच हवी. आम्ही दोघांनी अर्धी-अर्धी वाटून घेतली आणि भरायला बसलो. सातच्या सुमारास मला सुचले, म्हणालो, “ताई, तुम्ही जा, मी करतो सगळं.” त्या म्हणाल्या, “आता कोनती बस राहिली जी?” हेच वाक्य मी चारला म्हणालो असतो तर! वीज नव्हती, करायला काही नव्हते, त्यांना अडवून ठेवण्याचे कारणही नव्हते. पण त्या दीड तासात मी यूपीएस, हब आणि सर्व्हर ह्यांचीच चौकशी करत होतो. माणसाची चौकशी करायचे राहून गेले.

रात्री नऊला यादी संपली. ताई सौंसरात एका नातेवाइकांकडे राहिल्या. त्याआधी त्यांनी कार्यालयाच्या फोनवरून पांढुर्ण्याला शेजाऱ्यांकडे निरोप दिला : मी उद्या येते, आणि पोराला सांगा, काहीही झाले तरी नदीवर जायचे नाही. शेजारीण भली बाई. तिने सासूला सांगितले, “सून उद्या येते म्हनते.” दुसरा अर्धा निरोप सणाच्या गडबडीत तिच्याकडून राहिला. पोच कोणी मागितली नव्हती.

गोटमारीच्या सकाळी पांढुर्ण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना गर्दी मुलखाची. ताई घरी पोचल्या तेव्हा दुपार झाली होती आणि मुलगा घरात नव्हता. तो काठावर नुसता पाहायला गेला होता, असे तो म्हणाला; सगळेच तसे म्हणतात. उजव्या भुवईच्या वर दगड लागला. काठावरच्याच डॉक्टरांनी टाके घातले. डोळा बोटभर अंतराने वाचला.

मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. पोरगा पट्टी बांधून खाटेवर ऐटीत बसला होता, मित्र त्याच्याकडे आदराने पाहत होते. ताईंनी चहा केला. मी म्हणालो, “माझ्यामुळे झालं हे.” त्या म्हणाल्या, “तुमच्यामुळं कायले? दगड तुम्ही थोडीच मारला.” थोडा वेळ गेला. मग कप उचलताना त्या म्हणाल्या, “पन भाऊ, एक सांगतो. चांगली डब्बी कोनती आन् फालतू कोनती, हे मले कसं समजावं? दोन्हीचं तोंड सारखंच हाय.”

ह्या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही कोर्समध्ये शिकवले नव्हते. मी त्याच आठवड्यात ते दार बंद केले. एक्सपीमध्येच असलेली फायरवॉल मोडेमच्या जोडणीवर चालू करायची, एवढेच काम होते. पुरता तासही लागला नाही. ते चालू केल्यावर जाहिरातीच्या डब्ब्या थांबल्या आणि घरच्या डब्ब्या तेवढ्या उरल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की ह्या मेसेंजरमध्ये एक मोठे भगदाड आहे, आणि त्यातून कोणी यंत्राचा ताबाही घेऊ शकेल. म्हणजे सावध करण्यासाठी ठेवलेली खिडकीच चोराला आत घेणारी निघाली!

पण तांत्रिक डागडुजी सोपी असते. मी आणखी तीन गोष्टी बदलल्या, आणि त्या सगळ्या कोटवार काकाजींच्या होत्या. पहिली, निरोप आमच्या बोलीत, जरी रोमन अक्षरांत असला तरी : ‘लाइट गेली. दहा मिनिटांत सर्व्हर बंद होते. आपापलं काम जमा करा जी.’ त्या ‘जी’मुळे तो निरोप विद्यापीठाचा नाही, आपला आहे, हे न वाचताही कळे. हिंदी कागदाची भाषा म्हणून मला परकी नाही, तिच्यात मी आयुष्यभर पगार घेतला. पण घाईच्या वेळी माणूस ज्या भाषेत दचकतो, त्या भाषेत त्याला हाक मारावी. दुसरी गोष्ट, चांदणी कमी केली. आठ यंत्रांना आठ वेगळे निरोप, ज्याच्या त्याच्या नावाने. त्याला मिनिटभर जास्त लागे. नावाने पाठवले की निदान ते यंत्र जागे आहे की नाही, एवढे तरी यंत्र सांगते. आणि तिसरी, निरोप गेल्यावर मी उठून पंचवीस पावले चालत जाई, दारात उभा राही, आणि प्रत्येकाने “झालं” म्हटल्याशिवाय परत फिरत नसे. कार्यालयात थोडी थट्टा झाली. एक बाबू म्हणाले, “अहो, मंग डब्बी कायले पाठवता? तोंडानंच सांगा ना!” त्यांचे खरेच होते. डब्बी हे डफडे होते. दवंडी ती नव्हेच.

पुढे ह्या सोयीचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि त्याने मेसेंजर आपोआप बंद करून टाकला. ज्याला हवा त्याने मुद्दाम चालू करावा. २००७च्या सुरुवातीला व्हिस्टा बाजारात आले, त्यात तो उरलाच नाही. त्याच्या जागी ‘एमएसजी’ नावाची आज्ञा राहिली. ती आजही विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्त्यांत आहे, घरगुती आवृत्त्यांत नसते, आणि दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवायचा तर त्या यंत्राने आधी तशी परवानगी द्यावी लागते. दार आता आतून बंद असते आणि आतल्याने उघडावे लागते, एवढा धडा सगळ्यांनीच घेतला. एका गोष्टीचे मला पुढे नवल वाटले. मेसेंजरपेक्षा कितीतरी जुन्या, १९७०च्या दशकापासून चालत आलेल्या युनिक्समध्ये हा विचार आधीच झालेला होता. तिथे दुसऱ्याच्या पडद्यावर लिहिण्यासाठी ‘राइट’ होते, सगळ्यांना एकदम सांगण्यासाठी ‘वॉल’ होते, आणि ज्याला व्यत्यय नको त्याच्यासाठी ‘नको’ म्हणण्याचीही एक आज्ञा होती. मात्र मुख्य चालकाची ‘वॉल’ त्या नकारालाही ओलांडून जाई. म्हणजे गप्पा मारणाऱ्याला दार लावून घेता येईल, पण कोटवाराला नाही.

ताई २०१२ साली निवृत्त झाल्या. मी त्यांच्यानंतर काही वर्षांनी. मुलगा नागपुरात नोकरीला आहे, त्यालाही आता मुलगी आहे. भुवईवरची खूण उन्हात जरा चमकते, बाकी काही नाही. ज्या छोट्या गाडीने आम्ही लहानपणी नागपूरला मामांकडे जायचो ती २०१५च्या अखेरीला बंद झाली आणि मोठ्या रुळांची गाडी आली. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले. आता सौंसरच्या याद्या छिंदवाड्याला नव्हे, ताईंच्याच गावी जातात. हे त्यांना सांगितले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “वीस वर्षं आधी केलं असतं तं माझी बस वाचली असती जी.”

त्याच २०२३ साली दूरसंचार विभागाने देशभर एक चाचणी घेतली. वाचकांना आठवत असेल, एका दिवशी खिशातले मोबाईल एकदम कर्कश वाजू लागले आणि पडद्यावर आणीबाणीच्या सूचनेची चौकट आली. पूर, वादळ, भूकंप ह्यांची सूचना एका क्षणी सगळ्यांना देता यावी म्हणून केलेली ही व्यवस्था. हा संदेश कोणाच्या नंबरावर जात नाही. त्या त्या टॉवरच्या छायेत जितके चालू मोबाईल असतील तितक्यांवर एकदम पडतो. म्हणजे आमचीच चांदणी, फक्त आभाळाएवढी. सीमेवरच्या माणसाच्या मनात ह्यावर पहिला प्रश्न येतो तो भाषेचा. टॉवर ज्या राज्याचा, भाषा त्या राज्याची. ज्याच्या शेताचा बांध एका राज्यात आणि मोबाईलला लागणारा टॉवर दुसऱ्या राज्यात, त्याला ती हाक कोणत्या भाषेत ऐकू येईल? आम्हाला दोन्ही कळतात, हे आमचे भाग्य. पण आमच्या बोळातल्या त्या आजीसारखी माणसे अजून आहेत, आणि त्यांच्या दारापर्यंत टॉवर चालत जात नाही. तिथे शेजारच्यालाच जावे लागणार.

आता घरच्यांचे, जुन्या सहकाऱ्यांचे व्हॉट्सॲपचे गट आहेत. निळ्या खुणा दिसतात. तरी मी महत्त्वाचे काही असले की फोन करतो. मुलगा म्हणतो, “बाबा, ब्लू टिक आली ना, मग पुन्हा फोन कायले?” मी त्याला काही सांगत नाही. निळ्या खुणेचे आणि त्या ओके बटणाचे नाते मला ठाऊक आहे. बोट लागले, एवढेच त्यातून कळते. मनाला लागले की नाही, ते विचारल्याशिवाय कळत नाही.

त्या चाचणीच्या दिवशी माझ्या हातातला मोबाईल कोकलून थांबला आणि दोन मिनिटांत पुन्हा वाजला. ह्या वेळी फोन होता. पांढुर्ण्याहून ताई.

“भाऊ, तुमच्याबी मोबाईलवर डब्बी आली का जी?”

“आली ताई.”

“मोठ्यानं कोकलली. मी अजून हात नाई लावला. वाचू, का सरळ ओके दाबू?”

वीस वर्षांत त्यांनी त्या दिवसाची आठवण मला एकदाही करून दिली नव्हती. आताही त्यांच्या आवाजात चिमटा होता की खरेच विचारत होत्या, ते मला कळले नाही.

“वाचा ताई,” मी म्हणालो. “आधी वाचा. मोठ्यानं वाचा, मी ऐकतो.”

आणि त्या शेवटच्या शब्दापर्यंत वाचून “झालं” म्हणेपर्यंत मी फोन कानाला लावून उभा राहिलो.